सरकारी कामाचा जमाखर्च कसा पाहावा

सरकारी खजिन्यातून गावात बंधारा, रस्ता अथवा तलाव झाला म्हणजे त्याची महती बहुधा खर्चाच्या आकड्याने सांगण्याची चाल आहे. अमुक लाख रुपये लागले म्हणून काम मोठे, असा समज होतो. परंतु शेतात किती गाड्या खत घातले यावरून खळ्यात किती धान्य आले हे कोणी ठरवीत नाही. तोच न्याय सार्वजनिक कामास लावावयास हवा. हा पैसा अखेरीस रयतेचाच. तेव्हा त्याचे फळ मोजण्याची रीत प्रत्येक खातेदारास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

या शास्त्राचा एक जुना दाखला आपल्या निफाड तालुक्याच्याच अंगणातला आहे. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वर येथे बंधारा घालून विसाव्या शतकाच्या आरंभी उजवा व डावा असे दोन कालवे काढले गेले. त्यांस पाणी पुरविणारे दारणा धरण १९१६ साली पुरे झाले. त्या काळी सरकार कामाचे दोन वर्ग करी. पाणीपट्टीतून गुंतविलेल्या रकमेचे व्याज सुटेल ते उत्पादक काम. व्याज न सुटले तरी दुष्काळापासून मुलुखाचा बचाव करील ते संरक्षक काम. दख्खनचे कालवे पहिल्या कसोटीस बहुधा उतरत नसत. मग ते तोट्याचे म्हणावयाचे काय?

या प्रश्नाचा उलगडा पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांनी केला. गोदावरी व प्रवरा कालव्यांपासून झालेल्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची त्यांनी पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. तिचे मर्म असे की, कालव्याचा लाभ सरकारी पाणीपट्टीपुरता नसतो. शेतकऱ्याचे वाढलेले उत्पन्न, मजुरास मिळालेले काम, त्या मालावर चाललेले कारखाने व व्यापार, हे सर्व जमेस धरले पाहिजे. पुढे १९६४ नंतर आपल्या देशात पाटबंधाऱ्यांची परीक्षा नुसत्या व्याजावर न करता लाभ व खर्च यांच्या प्रमाणावर होऊ लागली. सामान्यतः एक रुपया खर्चास दीड रुपया लाभ असावा; अवर्षणप्रवण भागात बरोबरी झाली तरी चालेल, असा दंडक पडला.

मात्र खर्चाची बाजूही तितक्याच सचोटीने मांडावी लागते. कालव्याखालील कित्येक जमिनी पाणथळ व खारवट झाल्या, ती हानी खर्चात येते. नांदूर मध्यमेश्वरचा जलाशय गाळाने भरत गेला. बंधाऱ्याच्या वरच्या अंगास असलेल्या सायखेडा व चांदोरी या गावांत पुराचे पाणी शिरते, जसे ते २०१९ साली शिरले. लाभ खालच्या मुलुखास व उपद्रव वरच्या गावास, असे जेथे घडते तेथे केवळ एकूण बेरीज पाहून भागत नाही. कोणास मिळाले आणि कोणी सोसले, हे दोन रकाने वेगळे लिहिले पाहिजेत.

आता मोजण्याची रीत पाहू. समजा, एका गावात ५,००,००० रुपयांचा बंधारा झाला. तो १० वर्षे टिकेल व दुरुस्तीस दरसाल १०,००० रुपये लागतील. बंधाऱ्यापूर्वी रब्बीचे क्षेत्र ४० एकर होते, नंतर ७० एकर झाले. एकरी निव्वळ उत्पन्न ८,००० रुपये धरल्यास ३० एकरांचा लाभ दरसाल २,४०,००० रुपये दिसतो. १० वर्षांचे २४ लाख. खर्च अवघा ६ लाख. चौपट लाभ!

पण शेजारच्या, तशाच जमिनीच्या, बंधारा नसलेल्या गावाचे दप्तर उघडावे. तेथेही तेवढ्याच काळात क्षेत्र ४० वरून ६० एकर झाले असेल, तर २० एकरांची वाढ चांगल्या पावसाची होय. बंधाऱ्याची कमाई १० एकर, म्हणजे दरसाल ८०,००० रुपये. दुरुस्ती वजा जाता ७०,००० उरतात. दरसाल दरशेकडा १० व्याजाचा हिशेब लावल्यास १० वर्षांच्या या रकमेची आजची किंमत सुमारे ४,३०,००० रुपये होते. गुंतविले मात्र ५,००,०००! चौपट नफ्याचे काम तोट्यात निघाले. अवर्षणाच्या साली त्याच बंधाऱ्याने जनावरांचे व पिण्याचे पाणी राखले असेल तर तो लाभ अवश्य मिळवावा; पण मोजून मिळवावा.

ही काळजी न घेतल्यास काय होते, हे जलयुक्त शिवार अभियानाने दाखविले. २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या या अभियानावर ९,६३३.७५ कोटी रुपये खर्च होऊनही गावे पाण्याबाबत स्वयंपूर्ण करण्यात व भूजलपातळी वाढविण्यात अल्पच परिणाम झाला, असा अभिप्राय भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात दिला. कामे झाली नाहीत असा याचा अर्थ नव्हे. कामांची संख्या आणि कामांचे फळ या दोन भिन्न गोष्टी आहेत.

यास्तव ग्रामसभेत नवे काम मांडले जाईल तेव्हा पाच गोष्टी विचाराव्या. कामापूर्वीची स्थिती कोठे नोंदली आहे? तुलनेस कोणते गाव घेणार? पावसाचा फरक कसा वजा करणार? दुरुस्तीचा पैसा कोण देणार? आणि नुकसान कोणाच्या वाट्यास येणार? यांची उत्तरे मिळेपर्यंत ठरावास हात वर करू नये.

या सर्वाचा पाया गाव नमुना बारामधील पिकांची नोंद होय. २०२१ पासून ई-पीक पाहणीत ती नोंद शेतकऱ्यास स्वतः करता येते. ती आळसाने वा लोभाने चुकीची केली, तर उद्या आपल्याच गावाचा खरा लाभ अथवा खरी हानी कागदावर सिद्ध करता येणार नाही. सरकारकडे चोख हिशेब मागणाऱ्याने प्रथम आपल्या बांधावरचा आकडा चोख लिहावा.