एका रुमालाची साक्ष



शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकाचा प्रयोग १ नोव्हेंबर १६०४ रोजी, म्हणजे सर्व संतांच्या सणादिवशी, लंडनच्या राजवाड्यात झाल्याची नोंद आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी त्यावरूनच मराठीत 'झुंझारराव' रचले. आठव्या आज्ञेवर चिंतन करताना आम्हांला हे नाटक हमखास आठवते.

हेवा आणि संशय यांची आपण सरमिसळ करतो. नाटकात ते वेगळे दिसतात. सेनापती ऑथेल्लोने बढती आपल्याला न देता कॅसिओला दिली, म्हणून इयागो जळतो. दुसऱ्याचे भले पाहून होणारे दुःख म्हणजे हेवा, असे संत थॉमस अक्वायनस सांगतात. ऑथेल्लोचे दुखणे निराळे. त्याला पत्नी डेस्डेमोनाविषयी संशय आहे आणि तो इयागोने पेरला आहे. सुरुवातीला इयागो उघड आरोप करतच नाही. अर्धवट बोलतो, थांबतो, विषय टाळल्यासारखे करतो. उरलेले वाक्य ऑथेल्लो मनात स्वतः पुरे करतो. (वाड्यावस्तीवर बदनामी अशीच पसरते, नाही का?)

पुढे ऑथेल्लो पुरावा मागतो. डेस्डेमोनाचा पडलेला रुमाल इयागोची बायको एमिलिया हिला सापडतो. नवरा बरेच दिवस मागत होता, म्हणून ती तो त्याला देते. कशासाठी हवा, हे तिला ठाऊक नसते. इयागो तो कॅसिओच्या खोलीत टाकतो. इकडे डेस्डेमोना विचारते, रुमाल कुठे हरवला असेल? एमिलिया म्हणते, मला माहीत नाही. आमच्या मते नाटक इथे फिरते. घरात कटकट नको म्हणून आपण बोलतो, तेवढेच हे खोटे आहे.

ऑथेल्लो चौकशी करतो, पण मन ठरल्यावर. एमिलिया डेस्डेमोनाच्या शुद्धतेची ग्वाही देते. त्याला ती पटत नाही. पुरेसा आधार नसताना दुसऱ्याचा दोष मनात खरा धरणे, हेही ख्रिस्तसभा आठव्या आज्ञेविरुद्धचे पाप मानते. त्यासाठी तोंड उघडावेही लागत नाही.

डेस्डेमोनाचा खून होतो, तेव्हा मात्र एमिलिया रुमालाची हकिकत सर्वांसमक्ष सांगते. नवरा दटावतो, घरी जा म्हणतो. ती हलत नाही. इयागो तिला भोसकतो. मला माझ्या बाईसाहेबांशेजारी ठेवा, एवढेच ती मागते.