पाण्याची रेघ

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कुशीत मुळशीचे खोरे आहे. तेथे पाऊस मुबलक पडतो. पूर्वी मुळा नदीच्या दोन्ही काठांना भाताची खाचरे पसरलेली होती. वीज निर्माण करण्यासाठी टाटांच्या कंपनीने या नदीवर धरण बांधावयास घेतले. धरण पुरे व्हावयास अजून अवकाश होता. तरीही कोणते घर बुडेल आणि कोणते राहील, हे आधीच सांगता येत होते. ते कसे?

कागदावरील एका बिंदूतून हव्या तितक्या सरळ रेषा जातात. परंतु रेषेचा चढ एकदा ठरला, म्हणजे त्या बिंदूतून एकच रेषा काढता येते. साचलेल्या पाण्याचा पृष्ठभाग सपाट असतो. त्याचा चढ शून्य. म्हणून धरणाच्या भिंतीवर पाणी कोठवर चढेल तो बिंदू ठरला, की साऱ्या खोऱ्यातील पाण्याची रेघ ठरली.

सोयीसाठी काही आकडे मानावेत. धरणाच्या पायथ्यापासून नदीच्या वरच्या अंगास मोजलेले अंतर क्ष किलोमीटर, आणि पायथ्यापासूनची उंची य मीटर. भिंतीशी पाणी ४० मीटर चढणार असेल, तर पाण्याच्या रेषेचे समीकरण य = ४०. त्यात क्ष नाहीच. कारण कितीही दूर गेले तरी पाण्याची उंची तीच. नदीचे पात्र मात्र चढत जाते. ते पायथ्यापासून दर किलोमीटरास २ मीटर चढते असे मानले, तर त्याचे समीकरण य = २क्ष. या दोन रेषा क्ष = २० येथे मिळतात. तेथे जलाशयाचे टोक.

आता १२ किलोमीटरांवरील एक घर घ्यावे. त्याची उंची ३५ मीटर. म्हणजे ते बुडणार. शेजारचे घर टेकाडावर, ४६ मीटरांवर आहे. ते वाचले, पण त्याची खाचरे खाली नदीकाठी होती. खाचरे गेल्यावर त्या घरातील माणसांनी खावे काय, हे समीकरण सांगत नाही.

हाच प्रश्न मुळशीच्या शेतकऱ्यांनी विचारला. सुमारे पन्नास गावांवर हे संकट आले होते. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, त्यांनी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिले. अनेक स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. लढा १९२४ पर्यंत चालला. तरी धरण झालेच. त्याचे पाणी घाट उतरून कोकणात भिरा येथील वीजगृहात जाते.

उन्हाळ्यात जलाशय उतरतो, तेव्हा भिंतीवरचा बिंदू खाली येतो आणि त्याबरोबर पाण्याची रेघही. ती य = ३० झाली, तर जलाशयाचे टोक १५ किलोमीटरांवर येते, आणि ३५ मीटरांवरील त्या घराचे जोते पाण्याबाहेर दिसू लागते.