मूल का शिकत नाही? : सुरतेच्या मराठी शाळांतील एक विचारणीय प्रश्न

तापीच्या खोऱ्यातून जाणारा सुरत-भुसावळ लोहमार्ग हा खानदेशातील असंख्य कुटुंबांच्या उपजीविकेचा मार्ग ठरला आहे. धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतील खेड्यांतून ही कुटुंबे सुरतेस येतात. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत राहून यंत्रमागावर व कापडाच्या रंगाई-छपाईच्या कारखान्यांत ती काम करतात. सुरत महानगरपालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा गुजराती, हिंदी, उर्दू, मराठी, उडिया, तेलुगू व इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालतात. त्यांतील मराठी शाळांत या कुटुंबांची मुले शिकतात.

अशा वर्गात एखादे मूल असे असते की, ते प्रश्नाचे उत्तर देत नाही, फळ्यावरचे उतरवून घेत नाही आणि हळूहळू मागच्या रांगेत जाऊन बसते. ‘हे मूल मंद आहे’ असा शेरा एकदा मारला गेला की, त्याची शाळा मनाने सुटते. पुढे ती प्रत्यक्षातही सुटते. म्हणून शेरा देण्यापूर्वी कारण शोधणे हे शिक्षकाचे पहिले कर्तव्य होय.

लक्षण एक, कारणे अनेक

खानदेशातील पुष्कळ घरांत अहिराणी बोलली जाते. घरी ‘आहे’ऐवजी ‘शे’ व ‘माझा’ऐवजी ‘मना’ म्हणणाऱ्या मुलास पाठ्यपुस्तकाची मराठी काहीशी परकी वाटते. ते गप्प बसते. शेजारी बसलेल्या मुलाचा कान वारंवार वाहत असल्यामुळे त्यास कमी ऐकू येते. तेही गप्प बसते. तिसऱ्यास फळ्यावरील अक्षर दिसत नाही. चौथे मूल तल्लखपणे बोलते, परंतु वाचताना ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’ यांची सतत गल्लत करते. वरवर पाहता ही चारही मुले सारखीच ‘मागे’ असतात. प्रत्येकाची गरज मात्र निराळी असते.

येथे दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते. भाषेच्या अडचणीस बुद्धीचा दोष समजले जाते. किंवा ‘गावाकडचे आहे, भाषा येईल हळूहळू’ असे म्हणून खरा श्रवणदोष वर्षानुवर्षे झाकला जातो.

यावर एक साधा उपाय आहे. तीच गोष्ट मुलास प्रथम प्रमाण मराठीत व नंतर अहिराणीत सांगावी. शिक्षकास अहिराणी येत नसल्यास वर्गातील मित्राची किंवा मुलाच्या आईची मदत घ्यावी. घरच्या बोलीत मुलाचा चेहरा खुलला व उत्तर आले, तर अडचण बहुधा भाषेची आहे. दोन्ही वेळा प्रतिसाद नसेल, तर त्यास पाठमोरे ठेवून हाक मारून पाहावे, फळ्यापासूनचे अंतर बदलून पाहावे आणि शंका राहिल्यास शासकीय रुग्णालयात तपासणीसाठी पाठवावे. निदान करणे हे वैद्यकीय तज्ज्ञांचे काम आहे. शंका वेळीच नोंदविणे हे शिक्षकाचे काम आहे.

कायद्याची साथ

अपंग मुलांच्या एकात्मिक शिक्षणाची योजना केंद्र शासनाने १९७४ मध्ये सुरू केली. त्या काळी मुलाने शाळेशी जुळवून घ्यावे, अशी अपेक्षा होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने ही दृष्टी बदलली. आता शाळेने आपली अध्यापनपद्धती मुलाच्या गरजेनुसार बदलावयाची आहे. या अधिनियमात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश असून विशिष्ट अध्ययन अक्षमता हाही त्यांपैकी एक प्रकार आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलास मोफत शिक्षणाचा हक्क आहे. परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांची तरतूदही त्यात आहे. मराठी, गुजराती, हिंदी व इंग्रजी अशा चार भाषांचा भार वाहणाऱ्या सुरतेच्या विद्यार्थ्यांस या शेवटच्या तरतुदीचे महत्त्व विशेष आहे.

वर्गात काय करता येईल?

कमी ऐकू येणाऱ्या मुलास पुढे बसवावे आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नये; त्यास ओठांची हालचाल दिसली पाहिजे. रस्त्याच्या वा कारखान्याच्या बाजूची खिडकी शिकविताना बंद ठेवावी. दृष्टी कमी असलेल्यासाठी अक्षर मोठे काढावे आणि लिहिलेले मोठ्याने वाचावे. वाचनाची अडचण असलेल्या मुलाकडून तोंडी उत्तर घ्यावे. या उपायांस खर्च नाही आणि त्यांचा लाभ साऱ्या वर्गास होतो.

अंध मुलाच्या बाबतीत सुरतेसारख्या बहुभाषी नगरात एक सोय आहे. १९५१ मध्ये निश्चित झालेल्या भारती ब्रेलमध्ये मराठी ‘क’ व गुजराती ‘क’ यांचे ठिपके एकच आहेत. डोळस मुलास दोन लिप्या शिकाव्या लागतात. ब्रेल वाचणाऱ्यास एकच पुरते.

नंदुरबार व दक्षिण गुजरातमधील आदिवासी समाजात आढळणारा सिकलसेल हा रक्तविकारही २०१६ च्या यादीत आहे. असे मूल अंगदुखीच्या तीव्र झटक्यामुळे वरचेवर गैरहजर राहते. ते कामचुकार नव्हे. त्यास वारंवार पाणी पिऊ द्यावे, उन्हातील कवायतीतून वगळावे आणि बुडालेला अभ्यास भरून काढण्यास साहाय्य करावे.

कागद मुलाबरोबर जावा

मजुरांची कुटुंबे सण, लग्नकार्य वा कामाची मंदी यांमुळे गावी परततात. मूल सुरतेहून नवापूर ओलांडून गेले की, शिक्षकाने मिळविलेली माहिती मागेच राहते आणि गावच्या शाळेत तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. वस्तुतः दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देशभर ग्राह्य आहे. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ अन्वये शाळा बदलताना दाखला त्वरित देणे बंधनकारक आहे आणि दाखल्यास विलंब झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दाखल्यासोबत वर्गशिक्षकाने एका पानावर चार गोष्टी लिहून द्याव्यात : मुलाची घरची बोली, आढळलेली अडचण, केलेली तपासणी आणि उपयोगी पडलेली अध्यापनपद्धती.

पालकांनी प्रमाणपत्राची प्रत जपून ठेवावी व संकोच न करता शिक्षकास दाखवावी. गावातील अंगणवाडी सेविका व शाळा व्यवस्थापन समितीने परतलेल्या मुलांची विचारपूस करावी. अधिकाऱ्यांनी शाळाभेटीत पटावरील संख्येबरोबरच मागच्या रांगेतील मुलांची चौकशी करावी. एवढे झाले, तर तापीच्या दोन्ही टोकांवरील शाळा त्या मुलापुरत्या एकच शाळा होतील आणि त्याचे शिक्षण अखंड राहील.