कामठीच्या खडकांतील जुनी वनस्पति

वाचण्याचा भाग : उत्पत्ति १; ईयोब २८.

पिंपरी-चिंचवड व चाकण या बाजूस कारखान्यांत कामास लागलेल्या आमच्या तरुणांकडून एक प्रश्न वारंवार येतो. पृथ्वी कोट्यवधि वर्षांची आहे असे शाळेत शिकवितात, तर उत्पत्तीचा पहिला अध्याय कसा वाचावा? कित्येक घरी वडील मंडळी एवढेच सांगतात की, असली पुस्तके उघडूच नयेत. हा सल्ला आम्हांस पसंत नाही. का नाही, ते एका वनस्पतीच्या द्वारे सांगतो.

हिमालयाच्या पायथ्याशी ओढ्यांच्या ओल्या वाळूत अश्वपुच्छ नावाची लहान वनस्पति उगवते. तिचे खोड बोरूसारखे पोकळ, पेरापेरांचे व उभ्या रेघांचे असते. पाने इतकी बारीक की, पेरास दातेरी कडे घातले आहे असे वाटावे. तिला फूल नाही व बीही नाही. शेंड्यावरील बोंडातून धुळीसारखी बीजुके उडतात. अंगात वाळूचा अंश असल्याने यूरोपात तिने भांडी घाशीत. या कुळातील ही एकच जाति, तिच्या पंधरावीस प्रकारांसह, आज जिवंत आहे. परंतु सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी यूरोप व अमेरिका येथील दलदलींत तिचे नातलग कॅलॅमाइटीज वृक्षांएवढे, २० मीटरांपर्यंत व त्याहूनही उंच वाढत.

पवनेकाठच्या आमच्या काळ्या दगडांत असे काही सापडावयाचे नाही. तो खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या तप्त लाव्हारसाचा आहे. पण नागपुराजवळ हा काळा खडक संपतो आणि कामठीच्या बाजूस त्याहून फार जुने वालुकाश्म वर येतात. तेथे हे दगड गोळा करणारा मनुष्य कोण होता? स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी रेव्ह. स्टीफन हिस्लॉप! ते १८४५ साली नागपुरास आले. उपदेश करावा, शाळा चालवावी, आणि फिरतीवर असता दगडही पहावे, असा त्यांचा क्रम होता. सोबती रेव्ह. रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी १८५५ साली नागपूरच्या भूगर्भावर निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी जमविलेल्या वनस्पतींचे वर्णन चार्ल्स बनबरी यांनी १८६१ साली लंडनमध्ये केले. त्यांतच अश्वपुच्छाची एक नातलग होती. तिला फायलोथिका इंडिका हे नाव मिळाले. तिचेही खोड पेरांचे व रेघांचे. पेराभोवती पाने खाली जुळून पेल्यासारखी झालेली व वर मोकळी. हे खडक सुमारे २५ कोटी वर्षांचे आहेत. याच जातीच्या वनस्पति ऑस्ट्रेलियातही सापडतात, कारण तेव्हा ते देश व आपला देश एकाच भूखंडात होते. त्या भूखंडास गोंडवन म्हणतात. आमच्या गोंड बांधवांच्या देशाचे नाव असे जगभर गेले, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

कोणी म्हणतात, देवाने आरंभीच दगडांत अशा आकृति घडविल्या. वनस्पति कधी जगल्याच नाहीत. हे आम्हांस मान्य नाही. जो देव सत्य आहे तो आपल्याच हस्तकृतीत खोटी साक्ष कशास लिहील? उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात बी देणाऱ्या वनस्पति व फळझाडे आहेत. बी नसलेल्या अश्वपुच्छाचे नाव नाही. पृथ्वी कोणाची, हे सांगण्यास तो अध्याय लिहिला आहे. त्यात वनस्पतींची यादी शोधू नये. शिवाय सूर्य चौथ्या दिवशीचा, तर आधीचे तीन दिवस कसले, हा विचार आगस्तीनासारख्या प्राचीन गुरूंनीही केला होता. त्यांच्यापुढे हे दगड नव्हते, तरी त्यांनी प्रश्न दाबला नाही.

ईयोबाच्या २८ व्या अध्यायात खाणीत उतरणारा मनुष्य आहे. कारखान्यातील बंधूंनी तो अध्याय आपल्या तरुण संघात मोठ्याने वाचावा. चंद्रपूरच्या वीजकेंद्रात जळणारा कोळसाही याच गोंडवन खडकांतून निघतो.

हिस्लॉपसाहेब १८६३ साली टाकळघाटची जुनी शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्यात बुडून मरण पावले. मुलास भूगर्भशास्त्र शिकू द्यावे काय, असे दोघा-तिघा आईबापांनी आम्हांस विचारले आहे. अवश्य शिकू द्यावे. आणि सुटीत तो घरी आला म्हणजे शिकलेले मंडळीपुढे सांगावयास लावावे.