गोधडीचा काठ

प्रश्न : आईच्या जुन्या साड्यांची गोधडी (150 × 210 सेंमी) शिवायला घेतली. मध्ये फुगा आला आणि कड पुरी होईना. तीन वर्षं ती ट्रंकेत पडून आहे. काय करू?

उत्तर : ट्रंकेतून काढा, अजून काही बिघडलेलं नाही. फुगा येतो तो थर न टाचता धावदोरा घातल्यामुळे. वरचा थर सुईबरोबर सरकत जातो आणि सगळा ढिलेपणा मध्ये साचतो. फुग्याभोवतीचे तेवढेच फेरे उसवा. गोधडी फरशीवर पसरा (पलंगावर नको, गादी दबते), मधून कडेकडे हात फिरवून सारखी करा आणि वितीवितीवर लांब कच्चे टाके घाला. मग धावदोरा. दोरा हातभरच घ्या. लांब दोऱ्याने वेळ वाचत नाही, गाठी सोडवण्यातच जातो.

आता काठ. बाजारातून गोट आणायची गरज नाही. तुमच्या गोधडीचा घेर 720 सेंमी, आणि नऊवारीची लांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास. एकाच लुगड्याचा काठ, विरला नसेल तर, चारही बाजूंना पुरून कोपऱ्यांच्या घडीलाही उरतो. शिवाय त्याची एक कड विणीतच बंद, म्हणून सुटत नाही. पट्टी सहा सेंमी रुंद कापा. कापलेली कड पुढून शिवा, पट्टी मागे वळवा आणि बंद कड तुरपून टाका. उरेब पट्टी फक्त गोल कोपऱ्यांना लागते.

पहिली धुलाई गार पाण्यात, एकटीच. कच्चे टाके त्याआधी काढा, बरेच जण विसरतात.