दुकानाचा विमा : आकडा खरा लिहा

व्यापारी व कारागीर बंधूंनो, २२ जुलै २०२३ रोजी महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्याला पुराने वेढले. अडकलेल्यांच्या सुटकेसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. असे पाणी दुकानात शिरले, तर कापडाचे गठ्ठे, किराणा, शिलाई यंत्रे यांचे काय होणार? विमा असणाऱ्यांनाही या प्रश्नाचे उत्तर नीट ठाऊक नसते.

विमा कंपनी धोका कसा मोजते?

एका दुकानाला केव्हा आग लागेल हे कोणी सांगू शकत नाही. पण हजारो दुकानांच्या जुन्या नोंदी पाहिल्या, की वर्षाला साधारण किती नुकसान होईल याचा अंदाज बांधता येतो. त्यावर हप्ता ठरतो. इमारत पक्की की कच्ची, माल कापूस की लोखंड, जागा नाल्याकाठी की उंचावर, यांवर तो कमी-जास्त होतो. आगीच्या विम्याचे दर २००६ पर्यंत सर्व कंपन्यांना बांधून दिलेले होते. १ जानेवारी २००७ पासून ते खुले झाले. म्हणून दोन-तीन कंपन्यांचे दर विचारून पाहावेत.

सरकारचा लगाम

१९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण स्थापन झाले. कंपनीने देणी वजा जाता ठरलेल्या रकमेच्या किमान दीडपट निधी राखावा, असा नियम आहे. १ एप्रिल २०२१ पासून लहान धंद्यांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी आली. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असल्यास ती घेता येते. तिच्यात आग, पूर व दंगल यांपासून संरक्षण आहे. घरफोडीसाठी मात्र वेगळा विमा लागतो.

खरी मेख येथे आहे

समजा, दुकानात १० लाखांचा माल आहे. हप्ता वाचवण्यासाठी, किंवा बँकेचे कर्ज तेवढेच म्हणून, विमा ४ लाखांचा काढला. पुरात ५ लाखांचा माल गेला. मालक म्हणतो, ४ लाख तरी मिळतील. पण विमा मालाच्या ४० टक्केच असल्याने भरपाईही ५ लाखांच्या ४० टक्के, म्हणजे २ लाखच, आणि त्यातूनही ठरलेली वजावट होते. वरील पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. त्याहून अधिक असेल तर कपात होते.

म्हणून एवढे करा

सणासुदीला माल वाढला की विम्याची रक्कम वाढवा. खरेदीची बिले व साठ्याची वही यांची प्रत दुकानाबाहेर ठेवा. जागा, बांधकाम व माल यांविषयी काही लपवू नका. हप्ता पोचल्याशिवाय कंपनीवर जबाबदारी येत नाही, तेव्हा मुदत चुकवू नका. नुकसान झाल्यास ताबडतोब कळवा, फोटो काढा व सर्वेक्षक येईपर्यंत खराब माल फेकू नका. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

शरीअतचा प्रश्न

जेद्दाहच्या इस्लामी फिक्ह अकादमीने १९८५ साली ठराविक हप्त्याचा व्यापारी विमा नाजायज ठरवून परस्पर सहकार्याचा विमा हा पर्याय सांगितला. मलेशियात १९८४ पासून तकाफुलचा कायदा झाला. आपल्या परिस्थितीत काय करावे, हे विश्वासू आलिमांना विचारून ठरवावे. पण विमा घेतलाच, तर त्यातील बयान खरे असावे. खोटा आकडा व्यवहारातही बुडवतो आणि दीनमध्येही.