असंघटित बाजारपेठेतील उद्योजिका आणि व्यवसाय प्रशिक्षण

भाजी, मासळी, जुने कपडे किंवा खाद्यपदार्थ विकणारी स्त्री खरेदी, प्रतवारी, दर आणि उधारी यांविषयीचे सर्व निर्णय स्वतः घेते. या अर्थाने ती उद्योजिकाच होय. प्रशिक्षण योजनांत मात्र ती बहुधा शिवणकाम वा लोणची-पापड शिकणारी लाभार्थी ठरते. एकाच वस्तीत अनेकींना एकच कौशल्य शिकविले, की पुरवठा वाढतो, मजुरीचे दर घसरतात आणि प्रमाणपत्र हाती असूनही उत्पन्न वाढत नाही.

म्हणून प्रशिक्षणाचा आरंभ तिच्या प्रत्यक्ष व्यवहारापासून व्हावयास हवा. समजा, एखादी विक्रेती सकाळी ५०० रुपये उचलून सायंकाळी ५५० रुपये परत करते. महिन्यात २५ दिवस व्यवसाय केल्यास ती केवळ व्याजापोटी १,२५० रुपये, म्हणजे भांडवलाच्या अडीचपट रक्कम देते. हा हिशेब मांडता येणे हेच तिचे पहिले व्यवसाय प्रशिक्षण होय.

परंतु हिशेब समजला तरी पर्यायी भांडवल नसेल तर सावकार सुटत नाही. अहमदाबाद येथे इला भट्ट यांच्या पुढाकाराने १९७२ मध्ये स्थापन झालेल्या ‘सेवा’ संघटनेने हे ओळखले. १९७४ मध्ये सुमारे ४,००० स्त्रियांनी प्रत्येकी १० रुपयांचे भागभांडवल देऊन स्वतःची सहकारी बँक उभारली. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे १९९७ मध्ये सुरू झालेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेच्या कार्याला पुढे उद्योजकता प्रशिक्षणाची जोड मिळाली. प्रशिक्षणवर्ग बसमधून गावोगावी नेण्यात आले, कारण दिवसभर दुकान बंद ठेवणे या स्त्रियांना परवडणारे नव्हते.

तिसरा घटक जागेचा. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असतात व त्यांपैकी एकतृतीयांश स्त्रिया असणे बंधनकारक आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेने विनातारण खेळत्या भांडवलाची सोय केली. या दोन्ही तरतुदींचा लाभ घेण्यासाठी अर्ज, नोंदणी आणि समितीच्या कामकाजाची माहिती आवश्यक असते. अभ्यासक्रमात तिला क्वचितच स्थान मिळते.

कौशल्य, भांडवल आणि जागा यांपैकी एकाची उणीव राहिली तरी उरलेल्या दोहोंचे फळ मिळत नाही. म्हणून किती स्त्रियांना प्रमाणपत्रे दिली, यापेक्षा वर्षभरानंतर किती जणींचे निव्वळ उत्पन्न वाढले आणि किती जणी सावकाराच्या कर्जातून मुक्त झाल्या, हाच प्रशिक्षणाच्या यशाचा निकष असावा.